भात कालवता येतो का?

जूनचा दुसरा आठवडा. एका विशेष शाळेत नव्या मुलांचं मूल्यमापन चाललेलं. दाराशी ओल्या छत्र्यांखाली पाण्याचं थारोळं, भिंतीवर पावसाने पोपडे धरलेला रंग, टेबलाच्या एका अंगाला शिक्षिका, समोर आई, आणि आईला खेटून बसलेला दहा वर्षांचा मुलगा. कुटुंब बीडकडचं, कामासाठी पुण्याजवळ येऊन राहिलेलं. शिक्षिका छापील यादीवरून एकेक विचारत होत्या आणि आई एकेका शब्दात उत्तरं देत होती. तोंड स्वतः धुतो का? धुतो. बटणं लावतो का? वरचं लागत नाही त्याला, बाकीची लावतो. मग प्रश्न आला, "भात स्वतः कालवून खातो का हो ताई?" आई पहिल्यांदाच थांबली. "आमच्यात भात कधीमधी असतो, मॅडम. रोजची भाकरी." "पण असला की कालवतो का?" "नाही. मीच कालवून देते. सांडलवंड फार होते." चौकटीत उण्याची खूण पडली आणि पान उलटलं. सगळं मिळून दहा सेकंदं गेली असतील. शिक्षिकांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. प्रश्न छापलेला होता, उत्तर सरळ होतं. तरी ती खूण डोळ्यांसमोरून हलत नाही.

ही यादी म्हणजे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी. विशेष शाळांत आणि सरकारी रुग्णालयांत तिला सगळे व्हीएसएमएस म्हणूनच ओळखतात. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३०च्या दशकात ती बांधली. बुद्धीच्या चाचणीत मुलाला कोडी घालतात, ठोकळे मांडायला लावतात. डॉल यांना वेगळंच जाणून घ्यायचं होतं: हे मूल स्वतःचं स्वतः किती बघतं आणि चार माणसांत कसं वावरतं? आपल्याकडे तिचं रूपांतर केलं ते नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत ८९ कलमं, आणि ती आठ अंगांत विभागलेली: सर्वसाधारण स्वावलंबन, खाणं, कपडे, स्वतःच्या जबाबदारीवर वागणं, कामात रमणं, संवाद, ये-जा आणि माणसांत मिसळणं. मूळ यादीत जेवणाच्या भागात काटा होता, पावाला लोणी लावायची आणि कापायची सुरी होती. आपल्या यादीत भात आला. त्या बदलामागचा विचार फार मोलाचा वाटतो, कारण परक्या ताटावरून आपल्या मुलाची पारख करता येत नाही हे कुणाला तरी वेळेवर उमगलं होतं. फक्त नागपूरच्या ताटातला भात बीडकडच्या माजलगावच्या ताटात रोज असेलच असं नाही, आणि ताट ताटागणिक बदलतं हे छापील कागदाला सांगायचं काम शेवटी टेबलाशी बसलेल्या माणसाचंच असतं.

भात कालवणारं मूल एकदा शेजारी बसून सावकाश बघावं. आधी भाताच्या ढिगात बोटाने खळगा करायचा आणि वरण त्यात घ्यायचं. किती घ्यायचं हा पहिला निर्णय. जास्त झालं तर ते कोशिंबिरीपर्यंत पळतं, कमी पडलं तर घास बसत नाही. मग ढीग पूर्ण न मोडता कडेचा घासाएवढाच भाग ओढायचा. बोटांच्या पुढच्या दोन पेरांनी दाबायचं, तळहात कोरडा राहिला पाहिजे. शितं मोडली पाहिजेत, लगदा होता कामा नये. वाफ निघत असेल तर थांबायचं. चव घेऊन मीठ, लिंबू, अजून वरण यांतलं काय हवं ते ठरवायचं, मागायचं. घास गोळा करून अंगठ्याने आत लोटायचा. ज्याला हे जमत नाही तो मुलगा नेमका कुठे अडतो ते पाहिलं तरच पुढे काही शिकवता येतं. कुणी सगळा भात एकदम कालवतो, कारण 'पुरेसं' ही कल्पनाच अजून आलेली नाही. कुणी मुठीत धरून चेपतो, कारण बोटं सुटी चालत नाहीत. कुणाची बोटं उत्तम चालतात, पण थांबणं जमत नाही आणि गरम भाताने हात पोळतो. तिघांच्याही नावापुढे एकच उणं पडतं, आणि तिघांना शिकवायचं असतं ते मात्र अगदी वेगवेगळं.

आता भाकरी घ्या. उजव्या हाताच्या करंगळीने आणि अनामिकेने भाकरी ताटाशी दाबून धरायची आणि त्याच हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने तुकडा मोडायचा, हे भात कालवण्याहून अवघड आहे. एकाच पंजातली दोन बोटं धरतात आणि दोन ओढतात. अनेक मुलं इथे डावा हात घालतात, आणि घरात त्यावरून ओरडा बसतो. त्याच भाकरीचा काला करायचा तर तुकडे बारीक कुस्करायचे, दूध किंवा आमटी किती लागेल याचा अंदाज घ्यायचा. शिळी भाकरी जास्त पिते, ताजी कमी. भिजेपर्यंत थांबायचं, बोटाने दाबून बघायचं, कोरडं वाटलं तर आणखी ओतायचं. घट्ट आणि पातळ यांचं प्रमाण, बोटांची ताकद, थांबण्याची तयारी, चवीचा निर्णय, भातात जे जे आहे ते सगळं इथे आहे. त्या खोलीत हा प्रश्न विचारला गेला नाही. "भाकरी कशी खातो? तुकडा कोण मोडतं? काला कोण करतं?" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागलं असतं.

त्या अर्ध्या मिनिटाचं मोल फार मोठं आहे, ते का ते हिशोबात दिसतं.

मापनीत पहिल्या वर्षासाठी १७ कलमं आहेत. म्हणजे एक कलम जेमतेम २१ दिवसांचं. मान सावरणं, पालथं होणं, वस्तू पकडणं यांतलं एखादं चुकीचं नोंदलं तरी फारसं बिघडत नाही. वय चढतं तशी कलमं विरळ होत जातात. तिसऱ्या वर्षाला १०, चौथ्याला ६, सहा ते सात या वयाला फक्त ४, नऊ ते दहाला तर ३. भात कालवणं येतं सहा ते सातच्या चौघांत. बारा महिने भागिले चार, म्हणजे त्या एका खुणेचं वजन तीन महिने. सगळी अधिक कलमं मोजून महिन्यांत जे येतं ते सामाजिक वय. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणलं की सामाजिक गुणांक. समजा मूल बरोबर दहा वर्षांचं आहे, १२० महिने, आणि सामाजिक वय भरलं ६५ महिने. गुणांक ५४. तेच एक उणं अधिक झालं तर ६८ महिने, गुणांक जवळपास ५७. तीन अंकांत काय एवढं असं वाटेल. पण केंद्र सरकारच्या ४ जानेवारी २०१८च्या अधिसूचनेतल्या निकषांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी याच मापनीच्या अंकावर ठरू लागली (२०२४ मध्ये हे निकष सुधारले गेले): २० पर्यंत १०० टक्के, २१ ते ३५ ला ९०, ३६ ते ५४ ला ७५, ५५ ते ६९ ला ५०, ७० ते ८४ ला २५. म्हणजे त्या निकषांत भाताचा एक घास ७५ आणि ५० यांच्यामध्ये उभा आहे. ६९ आणि ७० च्या सीमेवर तर प्रकरण याहून नाजूक, कारण तिथे ५० टक्के उतरून थेट २५ होतात आणि दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यातली ४० टक्क्यांची अट मधल्यामधे निसटते. त्या अटीवर आरक्षण आणि कितीतरी सवलती अवलंबून असतात.

आणि हे आयांना ठाऊक असतं. आकडे पाठ नसले तरी दिशा ठाऊक असते. म्हणून शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी त्याच आईचं उत्तर "हो मॅडम, सगळं करतो, फक्त बोलत नाही जास्त" असं असतं, आणि प्रमाणपत्राच्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर "काहीच करत नाही हो साहेब, सगळं मलाच करावं लागतं" असं. या दोन उत्तरांमध्ये खोटेपणा शोधणाऱ्यांचा राग येतो. पहिल्या दिवशी तिला भीती असते की नाही म्हटलं तर मुलाला घेणार नाहीत. दुसऱ्या दिवशी भीती असते की हो म्हटलं तर कागद मिळणार नाही. शिवाय दोन्ही उत्तरं आपापल्या परीने खरीच असतात. मुलगा शर्ट घालतो, हे खरं. त्याने घालावा म्हणून आई रोज शर्टाची पुढची बाजू वर करून, बाह्या सरळ करून, पलंगावर त्याच्या डाव्या हाताला ठेवते, हेही खरं. ती मदत इतकी अंगवळणी पडलेली असते की तिची तिलाच दिसत नाही.

म्हणूनच "अमुक येतं का?" असं विचारूच नये. डॉल यांच्या पद्धतीतही कलम वाचून दाखवायचं नव्हतं. माहिती देणाऱ्याला बोलतं करून त्यातून कलमं भरायची होती. जाणकार शिक्षिका यादी मांडीवर पालथी ठेवतात आणि म्हणतात, "काल सकाळपासून सांगा ताई. कोण आधी उठलं?" 'रोज' म्हटलं की माणूस सरासरी सांगतो, 'काल' म्हटलं की घडलेलं सांगतो. उठल्यावर अंथरुण कोणी काढलं, ब्रशवर पेस्ट कोणी लावली, चूळ भरल्यावर नळ कोणी बंद केला, तुम्ही तेव्हा कुठे होतात. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. "मी तिथेच उभी होते" आणि "मी ओट्यापाशी होते" यांत एका पायरीचा फरक असतो. या गप्पांना चाळीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकलेली मापनी दिसते तशीच्या तशी, पूर्ण भरलेली, सहीशिक्क्यासह, पण तिच्यात ते घर आलेलं नसतं.

'येतं' आणि 'करतो' यांच्यातली दरी मराठीत तरी एका शब्दाने कळते. व्हीएसएमएसला 'करतो' हवं असतं, सवयीने, न सांगता. एकदा मामाच्या लग्नात सगळ्यांसमोर बूट घातले होते, ते मोजायचं नसतं. पण या मापनीला शिकवायच्या कामी मर्यादा आहे. ती वय सांगते, पायरी सांगत नाही. त्यासाठी सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली साधनं लागतात. १९९२ची बेसिक-एमआर ही वर्तन मापनी घ्या: सात विभाग, प्रत्येकी ४० कलमं, एकूण २८०, आणि प्रत्येक कलमाला शून्य ते पाच गुण. कुणाच्याही मदतीशिवाय केलं तर ५. नुसत्या खुणेने, म्हणजे बोट दाखवल्यावर किंवा नजरेने सुचवल्यावर केलं तर ४. तोंडाने पायरी सांगावी लागली तर ३. हात धरावा लागला तर २. सगळं दुसऱ्यानेच केलं तर १. लागूच नसेल तर शून्य. या शिडीमुळे एक मोठी गोष्ट घडते. 'नाही' या शब्दाचे तुकडे होतात. हात धरून बटण लावणारा मुलगा दिवाळीपर्यंत 'आता खालचं' एवढ्या शब्दावर लावू लागला, तर जुन्या कागदावर दोन्ही वेळा उणंच दिसेल. इथे २ चे ३ होतात आणि आईला दाखवायला काहीतरी असतं.

ही शिडी वापरताना घोटाळेही नेमके ठरलेले आहेत. पहिला घोटाळा डोळ्यांचा. मुलाला तीन वाट्यांतली साखरेची ओळखायला सांगितलं की विचारणाऱ्याची नजर आधीच साखरेवर गेलेली असते, आणि शाळेत जुनी झालेली मुलं वाट्या बघतच नाहीत, बाईंचे डोळे बघतात. कागदावर ५ पडतात, खरे असतात ४. त्यासाठी सूचना देऊन झाली की खिडकीकडे बघावं किंवा वहीत काही लिहीत राहावं. दुसरा घोटाळा 'शाब्बास'चा. प्रत्येक पायरीनंतर शाब्बास म्हटलं की तीच पुढच्या पायरीची सूचना होते, आणि शाब्बासकी थांबली की मूल अर्ध्यावर थांबतं. कौतुक काम पुरं झाल्यावर करावं. तिसरा घोटाळा बटणांच्या चौकटीचा. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावरची मोठी बटणं सहज लावणारा मुलगा स्वतःच्या शर्टाशी हतबल होतो, कारण चौकट समोर असते आणि शर्ट अंगावर. अंगावरचं बटण वरून, तिरकं दिसतं, गळ्याखालचं तर दिसतच नाही. म्हणून बटण मोजायचं ते अंगातल्या कपड्यावर, आणि शिकवायचं शेवटून: काज्यातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढायला आधी शिकवायचं, मग ढकलायला, मग काजा शोधायला. शेवटची पायरी मुलाच्या हातून झाली की काम त्याने पुरं केलेलं असतं. चौथा घोटाळा एका दिवसाच्या भरवशाचा. पहिल्या दिवशी जमलं, दुसऱ्या दिवशी जमलं नाही, असं होतंच. तीन वेगवेगळ्या दिवशी बघावं, आणि त्यांतला एक दिवस घरचा असावा.

एक पथ्य मात्र कुठल्याच कागदावर ठळक छापलेलं नसतं. कपडे काढता येतात का हे बघायला तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला चारचौघांत कपडे काढायला लावू नयेत. अंगातल्या कपड्यांवरून मोठ्या मापाचा पुढून बटणांचा शर्ट किंवा रेनकोट घालायला द्यावा, सगळं कळतं. अंघोळीचं, पाळीच्या काळजीचं आईला विचारावं, मुलगी खोलीत नसताना. आणि प्रसाधनगृहाचं दार लावून घेणं, बाहेर येण्याआधी कपडे नीट करणं, हेही एक कौशल्य म्हणून नोंदावं. ज्या मुलांची तपासणी लहानपणापासून दार उघडं ठेवून झालेली असते, त्यांना दार लावणं शिकायला नंतर वर्षं लागतात.

आता संधीच न मिळण्याच्या प्रश्नाकडे यावंच लागतं.

डॉल यांच्या मूळ पद्धतीत अधिक आणि उणे एवढ्याच खुणा नव्हत्या. अर्धवट येणाऱ्याला वेगळी खूण होती, पूर्वी करत असे पण आता नाही याला वेगळी, आणि करायची संधीच मिळाली नाही याला वेगळी. सिकंदराबादच्या संस्थेने शाळांसाठी केलेल्या तपासणी सूचीतही 'अनुभवच नाही' असा स्वतंत्र रकाना आहे. घाईच्या टेबलावर सगळ्यांत आधी गळतो तो हाच रकाना. 'शाळेत एकटा जातो' हे कलम पाच ते सहा वयाचं. बसमधून दारात उतरणाऱ्या शहरातल्या कुठल्याही मुलाला, दिव्यांग असो वा नसो, ही संधी आज मिळते तरी का? 'पैशांबाबत विश्वास ठेवता येतो' हेही त्याच टप्प्यातलं. दूधवाला, भाजीवाला, रिक्षावाला सगळे फोनवर पैसे घेऊ लागल्यापासून घरात सुट्टी नाणीच दिसत नाहीत. वीस रुपयांची नोट देऊन मोड परत आणायची, हा धडा घरातून नाहीसा झाला, आणि शाळेतल्या प्लास्टिकच्या नाण्यांनी तो भरून निघत नाही, कारण त्या नाण्यांना वजन नसतं आणि ती हरवली तर कुणी रागावत नाही. बुटांना नाडीऐवजी चिकटपट्टी आली, पँटीला इलॅस्टिक आलं. मुलांची सोय झाली यात शंका नाही आणि ती व्हावीच. पण मग नाडीच्या गाठीपुढे उणं लिहिताना त्या मुलाला नाडी कधी दिसली होती का, हे विचारायला हवं.

मुलींच्या कागदात तर हा प्रकार ओळीने दिसतो. चौदा वर्षांची मुलगी भांडी घासते, पीठ चाळते, धाकट्याला झोपवते, कपडे उन्हातून आणून घड्या घालते. घरकामाची कलमं अधिक, अधिक, अधिक. आणि शेजारी एकटी जाते का, दुकानातून काही आणते का, गावात फिरते का, इथे ओळीने उणे. ती जाऊ शकत नाही असं नव्हे. तिला पाठवत नाहीत. न पाठवण्यामागची भीती खोटी नाही, ती बोलून घालवण्यासारखीही नाही. तिच्या आईच्या जागी कुणीही तसंच करेल. पण आकड्यात ती भीती मुलीच्या अक्षमतेच्या खात्यावर जमा होते. निदान समासात एक ओळ लिहावी: पाठवलं जात नाही. सहा महिन्यांनी दुसरी शिक्षिका तो कागद उघडेल तेव्हा तिला कळेल की इथे शिकवण्यापेक्षा आधी रस्ता शोधायचा आहे. शेजारची ताई सोबत, मग वीस पावलं मागे, मग कोपऱ्यावर उभी.

वैयक्तिक कौशल्यं तरी एका माणसात मावतात. सामाजिक कौशल्याला दोन माणसं लागतात, आणि मापनी मोजते एकालाच. मुलगा रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणतो. पैसे देतो, मोड घेतो. अधिक. दुकानदाराला विचारलं की कळतं, तो मुलाला लांबून येताना बघूनच पिशवी काढून ठेवतो, मोड मोजून त्याच्या खिशात स्वतः घालतो आणि चेन लावून देतो. यातलं किती गुण मुलाचे आणि किती त्या भल्या माणसाचे? दुकान बदलून बघितलं की लगेच उत्तर मिळतं. पण ते उत्तर आलं म्हणून पहिलं अधिक खोडायचं का, याबद्दल मन अजून दोन्हीकडे जातं. ज्या गावात दुकानदार चेन लावून देतो तिथे तो मुलगा खरोखरच व्यवहार करतो आहे. आपणही तसं पाहिलं तर कुणाच्या ना कुणाच्या सांभाळून घेण्यावरच जगतो. कागदावर एवढंच लिहिता येतं: ओळखीच्या दुकानात, स्वतंत्र, अनोळखी दुकानात, तोंडी सूचनेने. दोन ओळी, दोन गुण, दोन्ही खरे.

सात ते आठ वयाच्या टप्प्यात एक कलम आहे: घरातली गुपितं समजतात आणि ती राखतो. हे कलम वाचताना दर वेळी थांबायला होतं. घरची कुठली गोष्ट बाहेर बोलायची नाही हे ओळखायला मुलाला आत-बाहेर, आपलं-परकं, लाज, अडचण एवढं सगळं कळावं लागतं. कलम म्हणून ते फार सुंदर आहे. पण गुपित राखायला शिकवताना त्याच्या बरोबरीने 'कुठलं गुपित राखायचं नाही' हेही शिकवावं लागतं, आणि त्याला ८९ कलमांत जागा नाही. नकाराचंही तेच. सांगितलेलं ऐकतो, थांबतो, रांगेत उभा राहतो, आपला नंबर येईपर्यंत वाट बघतो, या सगळ्याला गुण मिळतात. नको असलेला हात बाजूला करतो, 'नाही' म्हणतो, ओरडतो, बाईंना येऊन सांगतो, याला गुण नाहीत. उलट समस्यात्मक वर्तनाच्या यादीत ते जाऊन बसण्याचा धोका असतो. आज्ञाधारक मुलाचा तक्ता देखणा दिसतो, आणि त्याच मुलाची काळजी जास्त वाटते. शाळेने आपल्या हाताने एक कलम वाढवावं: नको ते नको म्हणतो, कोणत्याही मार्गाने. मानेने, हाताने, चित्राच्या कार्डाने, चालेल.

सर्वसाधारण शाळांतही हा प्रयत्न होऊन गेला. २००९ नंतर केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत विचार, भावना आणि सामाजिक वर्तन यांच्या जीवनकौशल्यांना ए पासून ई पर्यंत श्रेण्या देत, २०१७ मध्ये ती पद्धत गेली. आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकांतही 'सहकार्याची वृत्ती आहे', 'नीटनेटकेपणा आवडतो' अशा नोंदी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. त्या वाचून मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, कारण 'सहकार्य' कुणालाच दिसत नाही, दिसते ती कृती. विशेष शाळेतल्या कुठल्याही अनुभवी शिक्षिकेला उद्दिष्ट लिहायला सांगा, ती लिहील: मधल्या सुट्टीत डबा संपल्यावर, एकदाच तोंडी सांगितल्यास, पाचपैकी चार दिवस स्वतःचा डबा विसळून पिशवीत ठेवेल. कधी, किती मदतीने, काय, कितीदा. या एका वाक्यात मोजणारा आणि मोजला जाणारा दोघांचाही मान राहतो, आणि ते वाक्य चारशे पटाच्या शाळेतही लिहिता येण्यासारखं आहे.

त्या जूनमधल्या खोलीत दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायचं राहिलं. शिक्षिकांनी आदल्या संध्याकाळीच आईला निरोप दिला होता, येताना डब्यात भाकरी आणा. फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी आली, सकाळची, कडा कडक झालेली. शाळेच्या स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि तांब्यात कोमट दूध आणलं. शिक्षिकांनी मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि आईला त्याच्या पाठीमागे, त्याला तिचा चेहरा दिसणार नाही अशा जागी. "ताई, काही झालं तरी बोलायचं नाही आज." मुलाने भाकरी उचलली, वास घेतला, मागे वळायला गेला, थांबला. मग डाव्या हाताने धरून मोडली. एक हात, दोन हात, यादीत काही लिहिलेलं नव्हतं. तुकडे मोठे झाले, काही ताटाबाहेर पडले, ते त्याने वेचून आत टाकले. तांब्या दोन्ही हातांनी उचलून त्याने दूध ओतलं, एकदम, बरंच, ताटाच्या काठापर्यंत. शिक्षिका वहीत बघत होत्या. त्याने बोटाने एक तुकडा दाबला, तो अजून कडक होता. दुसरा दाबला. हात ताटाच्या काठावर ठेवून तो बसून राहिला, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत. पुन्हा दाबून पाहिलं. दूध जास्त झालं होतं, ते त्यालाही कळलं असावं, कारण उरलेली चतकोर भाकरी त्याने उचलली आणि बारीक बारीक कुस्करून त्यात घालायला लागला. पाठीमागे आई गप्प होती. दोन्ही हात तिने पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.